डोंगराने नेलेलं पाणी

ताई, तुझं बरोबर होतं.

एवढंच सांगायचं होतं मला. डिचोलीच्या तुझ्या घरात, वारा येणाऱ्या जनेलाकडच्या खाटेशेजारी लाकडी कदेल ओढून मी बसले होते, तेव्हा तू नेमकं हेच विचारलं होतंस आणि मी दुसरंच बोलले. आता तुला जाऊन बावीस दिवस झाले. आता सांगून काय उपयोग, असं दुसरं कुणी म्हणेल, तू म्हणणार नाहीस. तुला उशिरा आलेलं उत्तरही चालायचं. फक्त पायऱ्या दाखवलेल्या हव्यात. म्हणून पायऱ्या दाखवते, एकही गाळत नाही.

कॉलेजच्या ग्रुपवर तुझ्याबद्दल काय काय येतंय म्हणून सांगू! ‘अत्यंत शांत, मितभाषी मॅडम.’ मी वाचलं आणि फस्सकन हसले, आणि मग रडले. मितभाषी म्हणे! मेजावर हात आपटून ‘गाढवा, इंटिग्रल खंयपासून खंयपर्यंत?’ म्हणून ओरडणारी बाई यांनी कधी बघितलीच नाही काय? त्यांची तू मॅडम होतीस, माझी ताई. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी, गणित शिकवणारी. मी इंजिनिअरिंगची, तोंडाने फटकळ. स्टाफरूममध्ये तुझ्याशेजारचं टेबल मला मिळालं ते दुसऱ्या कुणाला नको होतं म्हणून, आणि पहिल्याच आठवड्यात तू माझ्या फळ्यावरच्या गणितात चूक काढलीस म्हणून आपलं जुळलं.

माझ्या पीएचडीच्या तिसऱ्या प्रकरणातली चूकही तूच काढलीस. गाइडला दिसली नव्हती, मला दिसली नव्हती. मी डोक्याला हात लावून बसले, तर तू म्हापशाच्या बाजारातून खाजं घेऊन आलीस. ‘चूक सापडली तर तोंड गोड करायचां गो, तोंड लपवायचां न्हय.’ अख्खी सुट्टी तू माझ्याबरोबर ते प्रकरण पुन्हा मांडत बसलीस. आज मला लोक डॉक्टर म्हणतात ते त्या सुट्टीमुळे. हे मी तुला कधी धड बोलून दाखवलं नाही. आपल्यात आभार मानायची पद्धत नव्हती, एकमेकींना ‘पिशी’, वेडी, म्हणायची होती.

आता मुद्द्यावर येते.

तुझ्या माहेरचं गाव. गावाच्या माथ्यावर खाण होती, ती बंद पडली, आणि मागे राहिलेला खड्डा पाण्याने भरला. मोठा, जवळजवळ गोल, तळ्यासारखा. खाली उतारावर झर, खड्ड्यातलं पाणी वर असेल तोवरच वाहणारी. त्या झरीच्या पाण्याचा पाट कुळागरांतून, पोफळी-माडांच्या बागांतून जातो, आणि उन्हाळ्यात वायंगणाचं भात पिकतं ते त्याच पाण्यावर. तर वरच्या खड्ड्यात मोठे पंप बसवून उन्हाळाभर ते पाणी पलीकडच्या गावांना द्यायचं, असा प्रस्ताव आला. वाईट नव्हता तो. पलीकडच्यांनाही तहान आहेच. पण गावकऱ्यांनी विचारलं, आमची झर राहील ना? पंचायतीने कॉलेजला पत्र लिहिलं आणि प्रिन्सिपलनी ते माझ्या टेबलावर ठेवलं.

तू पहिल्या दिवशीच म्हणालीस, ‘माका यात घेऊ नको. माझां माहेर असा थंय. लोक बोलतील.’ मीच हट्ट धरला. ‘समीकरण कोण लिहिणार मग? मी? मला मशीनवर तुकडे पाडता येतात, विचार करता येत नाही.’ तू हसलीस आणि हो म्हणालीस. ताई, हे लक्षात ठेव. तू नको म्हणाली होतीस. ओढलं मी.

शुक्रवारी बाजारच्या दिवशी तू डिचोलीहून, मी पेडण्याहून, दोघी म्हापशाला उतरायचो. आधी तुझी खरेदी, मग बसस्टँडजवळच्या त्या हॉटेलात पातळभाजी-पाव, आणि बश्या बाजूला सारून समीकरणं. तुझ्याकडे कागद, माझ्याकडे लॅपटॉप. सॉफ्टवेअरला तू कधी हात लावला नाहीस. ‘त्याका रंग फार,’ म्हणायचीस.

समीकरण तू मांडलंस ते मला अजून त्या ओल्या मेजावर दिसतं. डोंगराच्या पोटात पाणी कसं सरकतं, ते एक डिफरन्शियल समीकरण. ते सोडवायला खड्ड्यातली पाण्याची पातळी माहीत हवी. आणि पातळी कशावर ठरते? पंपाने किती उपसलं यावर, आणि खड्ड्याच्या भिंतीतून डोंगराने आजवर किती पाणी नेलं त्या सगळ्याच्या बेरजेवर. भिंतीभर बेरीज आणि पहिल्या दिवसापासून आजपर्यंत बेरीज. ते इंटिग्रल. म्हणजे पहिल्याला दुसरं हवं आणि दुसऱ्याला पहिलं. दोन्ही एकदम सोडवायची, सुटी सुटी नाही. तू म्हणालीस, ‘नवरा-बायकोच्या भांडणासारखां. सुरुवात कोणी केली विचारू नये.’ शेजारच्या मेजावरचा मासळीवाला पाव हातात धरून आपल्याकडे बघत राहिला होता.

‘खड्डो दोनी वाटांनी रिकामो होता,’ तू पेन्सिल आपटून सांगितलंस. ‘पंप दिसता. डोंगर नेता तां दिसना. म्हणून तां आधी मोज.’

मी मोजलं. कसं मोजलं ते आता ऐक.

अख्खा डोंगर तुकडे पाडून सोडवायचा तर माझ्या मशीनचा जीव जातो. खड्डा जवळजवळ गोल, म्हणून मी डोंगराची एकच उभी फाक घेतली, फणसाची घेतो तशी, आणि सॉफ्टवेअरला सांगितलं, ही फाक मधल्या रेषेभोवती गोल फिरव म्हणजे डोंगर होईल. पाणी सरकण्याचं समीकरण त्याने तसंच, गोल धरून सोडवलं. पण तुझ्या बेरजेसाठी वेगळी सोय असते, आणि तिथे एक छोटी चौकट असते, ‘फिरवलेल्या आकारावर बेरीज कर’ अशी. तिच्यात टिचकी मारायची असते. मी मारली नाही. राहिली. एवढंच. त्यामुळे सॉफ्टवेअरने बेरीज केली ती एका फाकेच्या कडेवरच्या एका रेषेची, सबंध खड्ड्याभोवतीच्या भिंतीची नाही. दीडशे मीटर त्रिज्येचा खड्डा, ताई. डोंगराने नेलेलं पाणी मी जवळजवळ हजारपट कमी धरलं.

आणि त्याने मला सांगितलं होतं गो. एककं जुळली नाहीत की ते अक्षरं नारिंगी करतं. गणित थांबवत नाही, नुसतं नारिंगी करतं. मी ती नारिंगी ओळ बघितली होती. म्हटलं, चालतंय ना, चालू दे. तू पाव तोडता तोडता विचारलंसही, ‘एककां जुळतत मगे?’ आणि मी म्हटलं, ‘जुळतात ताई, ते सॉफ्टवेअरच बघतं.’ तू विश्वास ठेवलास. स्क्रीन तुझ्याकडे वळवून दाखव म्हणाली नाहीस.

तर उत्तर आलं ते असं. आलेखावर तुझी बेरीज धरून एक रेघ, न धरता दुसरी. एकीवर एक, केसाचाही फरक नाही. खड्ड्याची पातळी पंपाने जेमतेम खाली, झर बारमाही खळखळणार. मी खूश. तू मात्र पिशवीतून कुणाचीतरी लग्नपत्रिका काढलीस आणि तिच्या पाठीवर हाताने आकडेमोड केलीस. भिंतीचं क्षेत्रफळ, मातीचा पाझर, उतार. तुझा आकडा भलताच मोठा आला. ‘शमा, खंयतरी चुकतां. डोंगर इतको कंजूष नाय.’

तीन शुक्रवार आपण भांडलो. पहिल्या दोन शुक्रवारी मजा होती, खरं सांगते. तुझ्याशी भांडणं मला दुसऱ्या कुणाशी गोडीत बोलण्यापेक्षा आवडायचं. तिसऱ्या शुक्रवारी मात्र अहवाल द्यायची तारीख डोक्यावर आली होती, प्रिन्सिपलचे दोन फोन येऊन गेले होते, आणि तू परत तीच लग्नपत्रिका काढलीस. माझं टाळकं फिरलं. मी म्हटलं, ‘ताई, तुझ्या या गणितात माहेर शिरलंय. झर आटायलाच हवी असं तू आधी ठरवलंस आणि मग आकडे धरलेस.’

ते बोलण्याआधी मी मेले का नाही! तुझ्या आयुष्यात तुला कुणी असं म्हटलं नसेल. विद्यार्थ्याला अर्धा मार्क जास्त गेला म्हणून रात्रभर जागणारी तू. मला वाटलं तू मेजावर हात आपटशील. तू हात पुसलेस. मग म्हणालीस, ‘असात गो. माझां माहेर तां असाच. माझां माका कळत नसात. दे, खंय सही करूची?’

मी ‘ताई, तसं नाही’ म्हणायला तोंड उघडलं होतं. पण सही होत होती, म्हणून गप्प बसले.

अहवाल गेला. पंचायतीत वाचला गेला, पंप लावायला हरकत नाही, खाली आपल्या दोघींची नावं. तरीही गाव अडून बसलं आणि पंप काही आला नाही. मला कळेना, अहवाल आहे, मग हे अडताहेत कुणाच्या जोरावर. त्यानंतर दोन-तीन शुक्रवार तू म्हापशाला आली नाहीस, कॉलेजलाही रजा टाकलीस. मला वाटलं रुसलीस. माझाही ताठा, मी फोन केला नाही. मग स्टाफरूममध्ये कळलं की तुझे रिपोर्ट आलेत आणि ते बरे नाहीत.

आता पुढची पायरी. हीही गाळणार नाही.

वर्गात दाखवायला म्हणून मी एक सोपं उदाहरण बनवत होते. गरम पाण्याची गोल टाकी, अर्ध्या मीटर त्रिज्येची, तिच्या भिंतीतून किती उष्णता बाहेर जाते. हे हाताने दोन ओळींत येतं. सॉफ्टवेअरचं उत्तर आलं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं कमी. मी भागून बघितलं, तर बरोबर पाय, वर्तुळाचा. तीन पूर्णांक चौदा शतांश. पाय आला म्हणजे कुठेतरी गोल फिरवायचं राहिलंय, हे तुझ्या शेजारी अकरा वर्षं बसलेल्या बाईला सांगावं लागत नाही. मी ती चौकट शोधली. रिकामी होती. आणि त्याच क्षणी खड्ड्याच्या मॉडेलमध्येही ती मी भरली नव्हती हे मला न उघडताच आठवलं.

तरी उघडलं. टिचकी मारली. नारिंगी ओळ काळी झाली. मॉडेल चालवलं. दोन्ही रेघा सुट्या झाल्या, ताई. तुझी बेरीज धरलेली रेघ खाली, खाली, खाली. पहिल्या उन्हाळ्यात झर बारीक, आणि दुसऱ्या वर्षी शिगम्याच्या आधीच कोरडी. डोंगराने नेलेल्या पाण्याचा आकडा काढला तर तो तुझ्या लग्नपत्रिकेवरच्या आकड्याच्या आसपास. तू पेन्सिलने आणि अंदाजाने तिथवर पोचली होतीस, पातळभाजीची बशी बाजूला सारून.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला न जाता थेट डिचोलीची बस धरली. सांगायलाच निघाले होते, देवाशपथ. म्हापशाला बस बदलताना खाजंही घेतलं. दारात भावोजी भेटले, ‘आज जरा बरी असा, बस,’ म्हणाले आणि आत चहा टाकायला गेले. तू केवढी झाली होतीस! मनगट माझ्या दोन बोटांत मावेल. तू मला बघून हसलीस. इकडचं तिकडचं विचारलंस, माझ्या पेडण्याच्या घराचं छप्पर झालं काय म्हणून. आणि मग, मी तोंड उघडायच्या आधी, तूच म्हणालीस, ‘ती माझी बेरीज परत बघितलंस काय गो? खरां सांग. माका रातचां तांच आठवता.’

आणि मी म्हटलं, ‘बघितली ताई. काही फरक पडत नाही.’

का म्हटलं? तेव्हापासून मी स्वतःला कारणं सांगतेय. तू आजारी होतीस, तुला त्रास नको. आता कशाला उगाच. तू बरी झालीस की सांगू. सगळी खोटी. खरं कारण एकच आहे आणि ते फार हलकं आहे. तुला ‘तुझं बरोबर होतं’ म्हटलं असतं तर पुढचं वाक्य ‘मी तुला जे बोलले ते घाण होतं’ हे आलं असतं, आणि ते तुझ्या डोळ्यांत बघून बोलायची माझ्यात धमक नव्हती. म्हापशाच्या बाजारात चारचौघांत भांडणारी मी, तीन हाडांच्या बाईसमोर भ्याले.

तू डोळे मिटलेस. ‘बरां झालां,’ म्हणालीस. ‘मन हलकां झालां.’ खाज्याचा पुडा पिशवीतच राहिला. शुक्रवारी येते म्हणून मी निघाले, आणि तू गेलीस बुधवारी.

तुझ्या बाराव्याला मी आले होते. पंगती उठल्यावर तुझा भाऊ, सदादादा, माझ्याजवळ येऊन बसला. मी त्याला किती वर्षं ओळखते, झरीवर पाय बुडवून बसायला तोच मला घेऊन गेला होता. म्हणाला, ‘बायचो शेवटचो फोन माका इलो. गावाक सांग, पंप लावूक देवा म्हणाली. मीच आडवून धरल्लां, माझांच चुकलां. शमान परत बघितलां, फरक पडणा नाय. माहेराच्या मायेन माझी नजर फिरली, माका माफ करा म्हणाली.’

ताई, तू गावाची माफी मागितलीस? बरोबर असून? अहवालावर सही करूनही तुझं मन मानत नव्हतं म्हणून तू त्यांना थांबायला सांगितलं होतंस, आणि गाव तुझ्या शब्दावर थांबलं होतं. हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. आणि मी त्या खाटेशेजारी बसून जे एक वाक्य बोलले, त्यावर विश्वास ठेवून तू तुझा शेवटचा जोर लावून फोन केलास आणि त्यांना सोडलंस. दादा डोळे पुसत होता. ‘गाव ऐकलां तिचां. येत्या आयतारी ग्रामसभेत ठराव घेतत.’

माझ्याकडे एक आठवडा होता. सोमवारी प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये जाऊन अहवाल मागे घेतेय म्हणून सांगितलं. ते काय म्हणाले ते जाऊ दे, मी ऐकून घेतलं. पंचायतीला पत्र दिलं आणि त्यात लिहिलं की चूक माझी एकटीची, आणि मूळ समीकरण व हाताने काढलेला अंदाज दोन्ही बरोबर असून ते तुझे आहेत. आणि रविवारी तुझ्या माहेरच्या ग्रामसभेत उभी राहिले. मराठीत, सॉफ्टवेअरचं नावही न घेता, सांगितलं की खड्डा दोन्ही वाटांनी रिकामा होतो, मी एकच वाट मोजली, ताईने दोन्ही मोजल्या होत्या. मागून एकजण ओरडला, ‘काल एक, आज एक. फाल्यां येवन तिसरां सांगशील!’ त्याचं काय चुकलं? मी म्हटलं, म्हणूनच माझं ऐकू नका, दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या, तोवर पंप लावू नका. बरीच गडबड झाली, पण ठराव तेवढा थांबला. झर आहे तशी आहे, ताई. निदान या उन्हाळ्यापुरती.

सभा सुटल्यावर दादा मला घरी घेऊन गेला. सोप्यावर बसलो. तो खुशीत होता, खरंच खुशीत. त्याच्या बहिणीचं नाव भर सभेत मोठ्याने घेतलं गेलं होतं. आतून माशाच्या हुमणाचा वास येत होता. मग त्याने हळूच विचारलं, ‘पण तिका कळलेलां मगे? जायच्या आधी? फोन केलो त्याच्या मागीर तरी तू तिका सांगलंस असतलां.’

त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं की त्याला फक्त ‘हो’ हवंय. हो म्हणणं सोपं होतं. खरंखोटं सांगायला तू नव्हतीस. त्या माणसाचं उरलेलं आयुष्य हलकं झालं असतं आणि माझंही.

‘नाही दादा,’ मी म्हटलं. ‘तिने मला स्वतः विचारलं होतं. मला तेव्हा ठाऊक होतं. मी खोटं बोलले.’

आतून वहिनीने पानं वाढू काय म्हणून हाक दिली. तो उठला, माझी उन्हाची छत्री कोपऱ्यातून काढून माझ्या हातात दिली.

‘बस चुकात तुझी,’ म्हणाला.

एरवी त्या घरातून मला जेवल्याशिवाय कुणी कधी सोडलेलं नाही, ताई.